स्वच्छ आणि निर्जंतुक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात सांगत की कोणतेही दोन शब्द पूर्णतः समानार्थी नसतात. ‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’ या शब्दांतील अंतर मला मात्र सत्तरी ओलांडल्यावर, शस्त्रक्रियेच्या टेबलावर उमगले.

माझ्या मनगटाचे हाड मोडले होते. संपूर्ण भूल न देता केवळ हात बधिर करावयाचे ठरले. यास नर्व्ह ब्लॉक म्हणतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर मज्जातंतू पाहत सुई त्याच्या लगत नेतात व तेथे बधिरतेचे औषध सोडतात. सर्व सिद्धता झाली, इतक्यात प्रोबवरील आवरण टेबलाच्या कडेला ओझरते लागले. भूलतज्ज्ञ बाईंनी ते काढून टाकले, हातमोजे बदलले आणि प्रथमपासून आरंभ केला. मी अधीरपणे म्हणालो, “स्वच्छच तर दिसते आहे!” त्या म्हणाल्या, “सर, स्वच्छ दिसते; निर्जंतुक आहे की नाही, ते दिसत नाही.”

आपल्या आजीचे सोवळे येथे आठवते. ओवळ्याचा स्पर्श झाला की सारे मोडले! भेद हा की, हे सोवळे माणसामाणसांत अंतर पाडीत नाही आणि त्याचे कारण प्रयोगाने पडताळता येते.

तो पडताळा १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी घेतला. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. साबणाने धुतलेले हात दिसण्यात पूर्वीही स्वच्छच होते! त्याच नगरीत १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखविले, आणि तेथीलच भूलतज्ज्ञांनी १९९४ साली गळपट्टीच्या हाडावरील ब्लॉक सोनोग्राफीत पाहून दिल्याचे प्रसिद्ध केले. नव्या साधनाने सुई दिसू लागली. जंतू मात्र पडद्यावरही अदृश्यच राहिले.

एकदाच सुई टोचून दिलेल्या ब्लॉकमध्ये जंतुसंसर्ग अत्यंत विरळ. वेदनाशमनासाठी बारीक नळी आत ठेवली, तर धोका वाढतो. विशेषतः नळी दोन दिवसांहून अधिक राहिली, ती जांघेत वा काखेत असली, किंवा रुग्ण मधुमेही अथवा अतिदक्षता विभागात असला तर. नळीवर जंतू आढळणे असामान्य नाही. त्यांतील थोड्यांनाच खरा संसर्ग होतो. परंतु झालाच, तर खोल गळू होऊ शकते.

सोनोग्राफीने दृष्टी दिली, तसे जंतूंना नवे दारही उघडले. प्रोब एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि त्यासाठी जेल लागते. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बर्कहोल्डेरिया जंतूंनी दूषित झालेल्या अशा जेलविषयी इशारा दिला होता. म्हणून सुईच्या जागी एकदाच वापरावयाचे निर्जंतुक जेल हवे. नेहमीच्या बाटलीतील नव्हे.

उर्वरित नियम साधे आहेत. हात धुणे, टोपी, मास्क व निर्जंतुक हातमोजे घालणे, त्वचेवर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन लावून ते पूर्ण वाळू देणे, प्रोबला निर्जंतुक आवरण घालणे आणि प्रत्येक रुग्णानंतर तो त्याच्या निर्मात्याने सांगितलेल्या जंतुनाशकाने पुसणे. टोचण्याच्या जागी त्वचेला संसर्ग असेल, तर तेथे सुई घालीत नाहीत.

रुग्णाचेही कर्तव्य आहे. मधुमेह, ताप, अंगावरील फोड आधी सांगावेत. नळी असल्यास पट्टी भिजवू नये व स्वतः उकलू नये. लाली, सूज, पू, वाढती वेदना वा ताप दिसताच, घरी परतल्यावरही, डॉक्टरांना कळवावे.

आणि डॉक्टरांनी सारे पुन्हा प्रथमपासून मांडले, तर माझ्यासारखे अधीर होऊ नये. ती दहा मिनिटे आपल्याचसाठी असतात.