माथेरानावरील सभासंमेलनें आणि त्यांचे कागद

थंड हवेच्या ठिकाणीं संस्थांनीं व मंडळ्यांनीं आपलीं संमेलनें भरवावींत हा प्रघात आपल्याकडे चांगला रूढ झाला आहे. ब्रिटिश अमदानींत मुंबई इलाख्याचें सरकारच उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं जाऊन कारभार पाहत असे. तेव्हां डोंगरावर बैठक भरविण्याचा रिवाज कांहीं नवा नव्हे. परंतु अशा संमेलनांचे जे कागद संग्राहकांच्या हातीं लागतात ते बहुधा दोनच प्रकारचे असतात: एक छापील इतिवृत्त व दुसरें छायाचित्र. संमेलन घडवून आणण्यासाठीं जो पत्रव्यवहार झाला, ज्या याद्या लिहिल्या गेल्या व ज्या पावत्या फाडल्या गेल्या, त्या सर्व रद्दींत जातात. आमच्या मतें इतिहासाच्या दृष्टीनें या टाकाऊ कागदांचेंच मोल अधिक आहे. कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माथेरानाच्या उदाहरणानें हें मत स्पष्ट करण्याचें येथें योजिलें आहे.

१. स्थळविचार

माथेरानची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट आहे. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक या गांवीं असतां ते डोंगर चढून वर गेले, आणि तेथून या स्थळाचा सरकारी इतिहास सुरू होतो. वर धनगर, ठाकूर व कातकरी यांचा वावर पूर्वींपासून होताच. सबब ‘शोध लागला’ हा शब्दप्रयोग सरकारी दप्तरापुरताच समजावा. पुढें गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं या ठिकाणास उत्तेजन दिलें. १८५६ सालीं कल्याणाकडील लोहमार्ग नेरळ, कर्जत करीत खोपोलीस पोंचला आणि मुंबईचा मनुष्य डोंगराच्या पायाशीं सहज येऊं लागला. १९०७ सालीं सर आदमजी पीरभाई यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीनें नेरळपासून माथेरानपर्यंत दोन फूट रुंदीची, सुमारें २१ किलोमीटर लांबीची छोटी आगगाडी सुरू झाली. तत्पूर्वीं दोन वर्षें, म्हणजे १९०५ सालीं, नगरपालिका स्थापन झाली होती. त्याआधीं स्थळाचा कारभार सुपरिंटेंडेंटच्या हातीं असे.

या ठिकाणाचें मुख्य वैशिष्ट्य असें कीं, वर मोटारीस मज्जाव आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें हा सर्व टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला गेला व त्या मज्जावास अधिक बळकटी आली. मोटारी दस्तुरी नाक्यापाशीं थांबतात. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर दूर. हें अंतर मनुष्यानें पायीं, घोड्यावर, रिक्षांतून किंवा अमन लॉजच्या स्थानकावरून गाडीनें तोडावयाचें, आणि सामान हमालाच्या डोक्यावरून न्यावयाचें. सभेची सारी योजना या एका गोष्टीभोंवतीं फिरते.

घाटाच्या तोंडाशीं मोठ्या जमावाची सोय करणें ही या मुलखाची जुनी विद्या आहे. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ पाहिलें म्हणजे याची साक्ष पटते. बोरघाट चढण्यापूर्वीं किंवा उतरल्यावर काफिल्यास प्रथम पाणी, सांवली व उतरावयास जागा लागे. माथेरानावर सभा भरविणाऱ्या चिटणिसासही याच तीन गोष्टींचा विचार आधीं करावा लागतो. ठरावांचे मसुदे मागाहून येतात.

२. सभेची योजना व तींतून निर्माण होणारे कागद

प्रथम तिथि. माथेरानावर वर्षास सुमारें २०० इंच पाऊस पडतो. पावसाळ्यांत नेरळ ते अमन लॉज हा गाडीचा भाग बंद असतो व फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी चालते. पूर्वीं या महिन्यांत बहुतेक बंगले व हॉटेलें मिटत. हल्लीं पावसाळी प्रवासी येतात, तरी दोनशें मनुष्यांची परिषद त्या काळीं भरविणें शहाणपणाचें नव्हे. उलट दिवाळी, नाताळ व मे महिना या काळांत जागा मिळणें कठीण. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतील आडवारचे दिवस सभेस उत्तम. ही निवड सभासदांस विचारून होते. त्या विचारणेचीं पत्रें व आलेलीं उत्तरें हा पहिला कागद. कोण येऊं शकला नाहीं व कां, हें इतिवृत्तांत कधींच सांपडत नाहीं; तें या उत्तरांत सांपडतें.

दुसरी गोष्ट वाहतूक. छोट्या गाडीचे डबे लहान व जागा मोजक्या. म्हणून मोठी मंडळी एकाच गाडीनें वर जात नाहीं. चिटणिसानें परतीच्या शेवटच्या गाडीपासून उलट हिशेब करावा: समारोप केव्हां, त्याआधीं भोजन केव्हां, त्याआधीं ठराव केव्हां. असा हिशेब केलेलें टांचण आणि गाडीचें वेळापत्रक हा दुसरा कागद. एखाद्या परिषदेंत महत्त्वाचा ठराव चर्चेवांचून संमत झालेला दिसला, तर कारण मतैक्याचें कीं शेवटच्या गाडीचें, हें या टांचणावरूनच कळूं शकेल.

तिसरी गोष्ट ओझें. गालिचे, ग्रंथांच्या पेट्या, प्रदर्शनाच्या पोथ्या हें सर्व दस्तुरीहून हमालांनीं वर न्यावयाचें. येथील माती जांभ्याची. तिची तांबडी बारीक धूळ उघड्या गठ्ठ्यांत शिरते आणि माकडांचा उपद्रवही नित्याचा. पोथ्या न्यावयाच्या असल्यास प्रत्येक पोथी रुमालांत, रुमाल मेणकापडांत व मेणकापड कुलपाच्या पेटींत, अशी व्यवस्था करावी. आणि पेटी एका हमालास उचलेल एवढीच भरावी. पेट्यांची यादी, हमालांची नांवें, खेपांची संख्या व दिलेली मजुरी हा तिसरा कागद. आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा हाच, त्याचें कारण पुढें सांगूं.

चौथी गोष्ट जागा, पाणी व परवानगी. निवासाचीं बिलें, सभागृहाच्या भाड्याची पावती, नगरपालिकेशीं झालेला पत्रव्यवहार व प्रवासी कराच्या पावत्या हे चौथ्या वर्गाचे कागद. छापील अहवालांत उपस्थितीचा आंकडा फुगविण्याकडे कल असतो. कराच्या पावत्या व भोजनाचीं पानें तसें करीत नाहींत.

३. महजर आणि इतिवृत्त

आमच्या वाचकांस महजर नवा नाहीं. गोतसभेनें वतनाचा तंटा तोडला म्हणजे त्या निवाड्याच्या कागदावर सभेस बसलेल्यांचीं नांवें येत, आणि त्यांखालीं निशाण्या येत. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. पण बलुतेदारही आपापल्या धंद्याचें चिन्ह करीत. म्हणजे ज्यास अक्षर येत नव्हतें त्याचाही पुरावा सभेच्या कागदावर उरे. सुतार, कुंभार, न्हावी हे निर्णयाचे साक्षी म्हणून त्या कागदावर आजही उभे आहेत.

छापील इतिवृत्ताचा प्रकार याहून वेगळा. त्यांत अध्यक्ष, वक्ते, देणगीदार येतात. शेवटीं ‘स्थानिक मंडळींनीं परिश्रम घेतले’ एवढें एक वाक्य येतें. ज्यांच्या डोक्यावरून परिषद डोंगरावर चढली त्यांचें नांव कोठेंच नसतें. महजरांत असलेला मनुष्य इतिवृत्तांतून गळाला. तो परत मिळावयाचा तर हमालीच्या यादींत व मजुरीच्या पावतीवरील आंगठ्यांतच मिळेल. जुन्या नांगराच्या निशाणीस जपणाऱ्या संग्राहकानें या आंगठ्यास रद्दी म्हणावें, यांत विसंगति आहे.

४. ज्या सभांचे कागद नाहींत

याच डोंगरावर दुसऱ्या प्रकारच्या बैठकींचाही विचार करावा लागतो. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानासच, एका नाभिक कुटुंबांत झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि शेतकऱ्यांस टंचाईंत धान्य मिळावें म्हणून त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या चळवळींत त्यांनीं आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडण्याचें धाडस केलें. खोपोलीचें वीजगृह १९१५ त व भिवपुरीचें १९२२ त सुरू झालें होतें, आणि मुंबईच्या गिरण्यांस त्या विजेचा मोठा आधार होता. हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कामाचें महत्त्व कळतें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांशीं झालेल्या चकमकींत कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील धारातीर्थीं पडले.

आतां पाहावें. एकाच पुरुषानें दोन तऱ्हेच्या सभा केल्या. नगरपालिकेच्या सभेस नोटीस, विषयपत्रिका व इतिवृत्त असतें. दस्त्याच्या बैठकीस यांपैकीं कांहींच असावयाचें नाहीं. कागद नसणें हीच तेथें सावधगिरी. अशा बैठकींचा लेखी पुरावा विरुद्ध पक्षाच्या, म्हणजे पोलिसांच्या दप्तरांतूनच यावयाचा, आणि तो खबऱ्याच्या दृष्टीनें लिहिलेला असावयाचा. त्याची पारख करण्यास धान्यकोठीची खतावणी, घरांतील पत्रें, गांवकऱ्यांच्या आठवणी हींच साधनें. एखाद्या घरीं जुनी धान्याची वही निघाली, तर ती केवळ दाण्यांचा हिशेब आहे असें समजून टाकूं नये. कोणत्या गांवचा मनुष्य कोणाशीं बांधला गेला होता, हें ती वही सांगते.

५. कागदांची परीक्षा

या भागांतील कागद हातीं आल्यास पुढील सनांवर ते घांसून पाहावेत.

कर्जत तालुका, त्यांतील खालापूर पेट्यासह, १८९१ सालीं ठाणें जिल्ह्यांतून कुलाबा जिल्ह्यांत गेला. सबब त्यापूर्वींच्या कागदावर ‘जिल्हा कुलाबा’ असें आढळल्यास शंका घ्यावी. आणि त्यापूर्वींचे मूळ कागद अलिबागेस न शोधतां ठाण्याच्या दप्तरांत शोधावेत. कुलाबा जिल्ह्याचें नांव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झालें. त्याआधींच्या निमंत्रणावर ‘जिल्हा रायगड’ असूं नये. १९०५ पूर्वीं नगरपालिकेचा उल्लेख व १९०७ पूर्वीं छोट्या गाडीनें वर येण्याची सूचना संभवत नाहीं. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीनें गाडीचा मार्ग वाहून गेला व ती २००७ पर्यंत बंद होती; १९०७ पासून आजवर गाडी अखंड चालली असें गृहीत धरूं नये. भर पावसाळ्याची तिथि असलेलें जुनें निमंत्रण दिसल्यास साल व महिना पुन्हां ताडून पाहावा.

तथापि एवढ्यावरून कागद खोटा असा निकाल देऊं नये. नक्कल करणारा पुष्कळदां आपल्या काळचें जिल्ह्याचें नांव घालतो. अशा वेळीं नक्कल मागाहूनची, मजकूर मात्र खरा, असा निर्णय होऊं शकतो. शाई, कागदाचा छाप व अक्षराचें वळण पाहूनच शेवटचें मत द्यावें.

६. तात्पर्य

डिसेंबर २०२२ पासून माथेरानावर विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें माणसानें ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. मनुष्यानें मनुष्यास ओढावें हें बंद होणें सर्वथा इष्टच आहे. परंतु धंदा गेला म्हणजे त्याचे कागदही जातात: परवाने, भाड्याचे दरपत्रक, उचलीच्या वह्या, हिशेबाच्या चिठ्ठ्या. डोंगरावरील दमट हवा व वाळवी त्यांस फार दिवस टिकूं देणार नाहीं. शनिवारवाड्यांतील रुमाल जसे कोणीतरी वेळींच सोडून पाहिले, तसे हेही गठ्ठे आतांच सोडून पाहिले पाहिजेत.

म्हणून विनंती एवढीच कीं, ज्या संस्था माथेरानावर किंवा अन्य डोंगरीं संमेलन भरवितात त्यांनीं इतिवृत्ताबरोबर आपली हमालीची यादी, गाडीचें टांचण व भोजनाचा हिशेबही एका रुमालांत बांधून, वर साल व तिथि घालून ठेवावा. त्यास जागा वीतभर लागेल. शंभर वर्षांनीं जो कोणी तो रुमाल सोडील, त्यास सभेंत काय ठरलें हें इतिवृत्त सांगेल. पण सभा कोणाच्या बळावर भरली हें या यादीवांचून त्यास कळणार नाहीं.