विंचवाचं बिऱ्हाड कुणाकडून बांधून घ्यावं?

आपल्या मंडळातल्या गप्पांचे विषय वयाबरोबर बदलत गेले. आधी जुनी टोयोटा स्वस्तात कुठे मिळते, मग कुठल्या गावातल्या शाळा चांगल्या, मग मुलांची कॉलेजं आणि मग कोलेस्टेरॉल. अलीकडे त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे, तो म्हणजे कॅम्पर व्हॅन. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही ती व्हॅन कुणाकडून करून घेतलीत हो?" हातात ताट धरून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून म्हटलं आता सगळं एकदाच लिहून काढावं.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिकामी मालवाहू व्हॅन विकत घ्यायची आणि आत झोपायची जागा, ओटा, पाणी, वीज, सगळं बसवून घ्यायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसलं. आम्हाला त्यातही फोर-व्हील ड्राइव्ह हवी होती, कारण आमचे दोन नाद: हिवाळ्यात टाहो आणि एरवी युटाचे कच्चे रस्ते. घर पाहावं बांधून हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. आठ महिन्यांत आम्ही दोघांनी कॅलिफोर्निया आणि ओरेगनमधली मिळून सात शॉप्स पाहिली. सगळीकडे कॉफी उत्तम मिळाली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ही दोन वेगवेगळी कामं आहेत. गाडीची चारही चाकं ओढती करणं हे मेकॅनिकचं काम आणि आतला संसार मांडणं हे सुताराचं, वायरमनचं आणि प्लंबरचं. जुन्या काळी हे स्पष्ट दिसायचं. फोर्डच्या इकोनोलाइन व्हॅनला कारखान्यातून फोर-व्हील ड्राइव्ह कधी मिळालीच नाही. मग पेनसिल्व्हेनियातल्या क्विगलीसारख्या कंपन्या तिच्याखाली पुढचा ओढता अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस बसवून द्यायच्या, आणि आतलं घर दुसरं कुणी करायचं. १९६१ साली सुरू झालेल्या स्पोर्ट्समोबीलने तर अशा इकोनोलाइनवर नाव कमावलं. मग २०१५ च्या मॉडेलपासून मर्सिडीजने अमेरिकेत स्प्रिंटर फोर-बाय-फोर आणली, २०२० पासून फोर्ड ट्रान्झिटला ऑल-व्हील ड्राइव्ह मिळू लागली, आणि तेव्हापासून सुतारकाम येणारा कुणीही 'आम्ही फोर-बाय-फोर कॅम्पर बनवतो' अशी पाटी लावू शकतो. चाकांचं काम कारखान्याने केलेलं असतं, हा फक्त आत लाकूड लावतो. त्यात वाईट काही नाही. पण गाडी चार इंच उचलायची, मोठे टायर चढवायचे, पुढे लोखंडी बंपर लावायचा, हेही तोच करणार असेल तर त्याला खालचं काम कितपत कळतं हे विचारायलाच हवं. हल्लीच्या गाड्यांत घसरण रोखणारी यंत्रणा असते, पुढचं पाहणारे कॅमेरे आणि रडार असतात. गाडी उचलली की त्यांचा हिशेब बदलतो. "उचलल्यावर ते पुन्हा कोण जुळवून देतं?" असं विचारल्यावर एका शॉपमध्ये आमच्याकडे असं पाहिलं गेलं, की जणू आम्ही गाडीची पत्रिका मागितली.

आता फोर-व्हील म्हणजे नक्की काय, हेही एकदा नीट समजून घ्या. ऑल-व्हील ड्राइव्ह आणि लो-रेंज गिअर असलेली फोर-व्हील ड्राइव्ह या सख्ख्या बहिणी नव्हेत, फार तर मावसबहिणी. बर्फात, चिखलात, ओल्या गवतावर पहिली पुरते. पण कॅन्यनलँड्समधल्या शंभर मैलांच्या व्हाइट रिम रोडवर पार्क सर्व्हिसला लो-रेंज असलेली उंच गाडीच लागते, नुसती ऑल-व्हील चालत नाही. स्प्रिंटरला २०२२ च्या मॉडेलपर्यंत मागितल्यास लो-रेंज मिळायची. २०२३ पासून तिथेही ऑल-व्हील आली आणि लो-रेंज गेली. ट्रान्झिटला ती नाहीच, आणि रॅम प्रोमास्टर तर पुढच्याच दोन चाकांवर ओढते. टाहोच्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट. आर-२ ची पाटी लागली की चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील गाडीला साखळ्या लावण्यातून सूट मिळते, पण साखळ्या जवळ बाळगाव्याच लागतात. शिवाय ही सूट हलक्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून दिलेली आहे, भरलेली व्हॅन तिच्यात बसेलच असं धरून चालू नका. म्हणून मोठे टायर घालणाऱ्याला विचारावं, "यावर साखळी चढते का? आतल्या बाजूला घासत नाही ना?" सातांपैकी दोघांनी सांगितलं की करून पाहिलंय. बाकीच्यांनी सांगितलं की प्रश्न येऊ नये.

खरं तर चांगलं शॉप ओळखायची खूण पहिल्या पाच मिनिटांतच दिसते. काही जण आल्या आल्या लाकडाचे नमुने पुढे मांडतात: हा अक्रोड, हा मेपल, हा बांबू. आम्ही शेवटी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी आधी विचारलं, "कुठे जाणार? कोण कोण जाणार? त्यांचं वजन किती?" वजन विचारल्यावर घरात थोडा वेळ शांतता होती, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

तयार झालेली चकचकीत व्हॅन सगळेच दाखवतात. तुम्ही अर्धवट झालेली दाखवा म्हणावं. भिंतीच्या फळ्या लागल्या की आत काय दडलंय ते पुढची वीस वर्षं कुणाला दिसत नाही. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी कडं आहे का, नाहीतर रोजच्या थरथरीने पत्राच वायर कापतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आहे का. छताला पंख्यासाठी चौदा इंची चौकोन कापलाय, त्याच्या कापलेल्या कडेला गंज न येणारा रंग लावलाय का. आम्ही टॉर्च घेऊन गेलो होतो. एका मालकाला ते आवडलं नाही. दुसऱ्याने स्वतःचा मोठा टॉर्च आणून दिला.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. मालवाहू व्हॅनमध्ये पुढे दोनच सीट असतात. आम्ही दोघं, मुलगा आणि दर वर्षी पुण्याहून येऊन चार-सहा महिने राहणाऱ्या आई, म्हणजे चार पट्ट्यांच्या जागा हव्यात. मागच्या दोन सीट शॉपवाला बसवणार. एका नावाजलेल्या ठिकाणी फारच देखणा बाक पाहिला. दिवसा बसा, रात्री पलंग करा, खाली सामान ठेवा. पट्टेही होते. खाली वाकून पाहिलं तर बाक प्लायवूडच्या जमिनीला स्क्रूने बसवलेला, आणि पट्ट्याचा बोल्ट बाकाच्याच लाकडात. अमेरिकेत सीटच्या मजबुतीचा केंद्रीय नियम आहे क्रमांक २०७ आणि पट्ट्याच्या खुंट्यांचा २१०. पहिल्याप्रमाणे सीटला तिच्या वजनाच्या वीसपट ओढ सहन व्हावी लागते. दुसऱ्याप्रमाणे खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याच्या कमरेच्या आणि खांद्याच्या भागाला प्रत्येकी तीन हजार पौंडांची. लाकडी बाक ती ओढ कशी सोसणार? "याची चाचणी झाली आहे का?" असं आम्ही विचारलं. उत्तर आलं, "आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही." तक्रार करायला गिऱ्हाईक उरायला हवं ना! आम्ही आभार मानून बाहेर पडलो.

चाचणी झालेल्या सीट मिळतात. त्या रुळांवर किंवा जमिनीखालच्या पोलादी पट्ट्यांतून आरपार बोल्ट मारून गाडीच्या सांगाड्याला जोडतात. त्या महाग असतात, जड असतात आणि त्यांचा पलंग छान होत नाही. तरीही तिथे घासाघीस करू नये. सीट बनवणाऱ्याचं चाचणीचं पत्र मागा, आणि ती चाचणी याच जातीच्या गाडीच्या जमिनीवर झाली होती का ते त्यात वाचा. घरात लहान मूल असेल तर बाळाची सीट अडकवायचे लॅचचे हूकही त्याच सीटला हवेत. आडव्या बाकावर, म्हणजे भिंतीला पाठ लावून, चालत्या गाडीत कुणालाच बसवू नका, मग तिथे पट्टा असो वा नसो.

दुसरा मुद्दा वजनाचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर गाडीचं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. त्याच्यावर गेलात की ब्रेक, टायर आणि अ‍ॅक्सल यांच्याशी गाठ. पाऊण इंची प्लायवूडची एक पूर्ण शीट साठ-सत्तर पौंडांची. पाण्याचं एक गॅलन ८.३४ पौंड. आता आपल्या घरातलं पाणी कसं लागतं ते तुम्हाला माहीतच आहे. इथल्या माणसांचा आठवडा कागदावर निघतो, आपल्याला तांब्या लागतो. आम्ही पंचवीस गॅलनची टाकी सांगितली, म्हणजे दोनशे आठ पौंड नुसतं पाणीच. त्यात चार माणसं, वर सोलर पॅनेल, बंपर, मागे लटकलेला पाचवा टायर. "तुमची शेवटची तीन गाडी-कामं काट्यावर किती भरली?" असं विचारा. ट्रक स्टॉपवर काटा असतो, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं, पैसेही फार पडत नाहीत. ज्याच्याकडे अशा पावत्यांची फाईल आहे तो माणूस आपला.

स्वयंपाकघराबद्दल मात्र इथल्या शॉपवाल्यांना आपल्यालाच शिकवावं लागतं. त्यांच्या कल्पनेत माणूस सकाळी कॉफी करतो आणि रात्री सूप गरम करतो. फोडणी हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. पलंगाच्या उशाशी ओटा आणि छतावरचा पंखा दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी केली तर मोहरी-हिंगाचा वास पांघरुणांत मुक्कामाला येतो. ओटा सरकत्या दाराजवळ आणि पंखा त्याच्या डोक्यावर, हा आमचा हट्ट होता. कुकर तर हवाच. आठ हजार फुटांवर पाणी १९७ अंश फॅरनहाइटलाच उकळतं, तिथे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजवायला बसलात तर सुट्टी संपेल. कुकर इंडक्शनवर लावायचा तर पंधराशे वॉट म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपियरच्या वर प्रवाह. वायर बोटाएवढी जाड हवी आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी. आम्ही एका ठिकाणी हे गणित मांडायला सांगितलं, तर "आमचा इलेक्ट्रिशियन मंगळवारी येतो" असं कळलं. लिथियमची बॅटरी पाणी गोठण्याच्या खालच्या तापमानात चार्ज करायची नसते, म्हणून टाहोला जाणाऱ्यांनी ती गाडीच्या आत, उबेत बसवून घ्यावी. गॅस घेणार असाल तर प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. टाकीच्या कप्प्याला बाहेर उघडणारं भोक तळाशी हवं आणि गॅसची घंटा जमिनीपासून थोड्याच उंचीवर. कार्बन मोनॉक्साइडची घंटा वेगळी.

आईंना आम्ही दोनदा शॉपमध्ये घेऊन गेलो. स्प्रिंटर फोर-बाय-फोर साध्या स्प्रिंटरपेक्षा तीन-चार इंच उंच असते, आणि गुडघ्यांना तीन इंच फार होतात. कारागिराने स्टूल ठेवलं, मग दुसरं ठेवलं, आईंनी चढून-उतरून दाखवलं, आणि मग पायरी किती खाली यायला हवी आणि पकडायचा दांडा कुठे हवा हे खडूने आखलं गेलं. त्या दिवशी आमचं शॉप ठरलं.

पैशांचं थोडक्यात. सगळं धरून आकडा लाख-दीड लाख डॉलरपर्यंत सहज जातो, तेव्हा लाजू नका. व्हॅन स्वतःच्या नावावर आधी विकत घ्या आणि मग कामाला द्या, म्हणजे शॉपचं काही झालं तरी गाडी तुमची. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने एका ठिकाणी मोठा इसार भरला, वर्षभर वाट पाहिली आणि एक दिवस शटरवर कुलूप दिसलं. हप्ते कामाशी बांधा: इन्सुलेशन झालं की एक, वायरिंग पाहिलं की दुसरा. आणि वायरिंगचा नकाशा व भिंती बंद होण्याआधीचे फोटो करारातच लिहून घ्या. विमा कंपनीला काम सुरू होण्याआधी फोन करा, काही कंपन्या घरगुती हाताने केलेल्या गाडीला हात लावत नाहीत, काहींना आरव्हीआयएचा शिक्का लागतो. कॅलिफोर्नियात मालवाहू व्हॅनला व्यापारी नंबरप्लेट मिळते. आत कायमचं घर झालं की डीएमव्हीकडे 'हाऊस कार' म्हणून नोंद बदलून घ्यावी लागते. ती रांग वेगळी नाही, नेहमीचीच आहे.

गाडी ताब्यात घेतल्यावर लगेच युटाला धावू नका. पहिल्या दोन रात्री शॉपपासून तासाभराच्या अंतरावर काढा. सगळं चालवून पाहा: हीटर रात्रभर, पंप, कुकर, दोन्ही घंटा, ओल्या मातीवर चारही चाकं. आमच्या वेळी दुसऱ्या रात्री नळाखालचा एक सांधा ठिबकला आणि फ्रिजचं दार वळणावर उघडलं. सकाळी परत नेली, दुपारपर्यंत दोन्ही दुरुस्त झालं, आणि जाण्याआधी काट्यावर घातली. भरलेल्या टाकीसह आणि आम्हा चौघांसह दारावरच्या आकड्याच्या तीनशे चाळीस पौंड खाली होती. आई म्हणाल्या, "मग लोणच्याच्या बरण्या बसतील."