प्लाझ्मा आजोबा की एलईडी नातू?

‘जुनं ते सोनं’ ही म्हण इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये कुणी उच्चारत नाही. तिथे मागच्या दिवाळीचं मॉडेलही म्हातारं ठरतं. मग प्लाझ्मा टीव्हीची काय कथा! तरीही एखाद्या होम थिएटरवेड्या मित्राला विचारून बघा. ‘प्लाझ्मासारखं पिक्चर पुन्हा झालं नाही, बॉस!’ असं तो छातीवर हात ठेवून सांगेल. यात तथ्य किती आणि नॉस्टॅल्जिया किती?

हे बघायला मी कुठल्या मॉलमध्ये नाही, तर थेट जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थला गेले. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. माझ्या मामांकडे २००८ सालचा ४२ इंची प्लाझ्मा अजून ठणठणीत चालतोय आणि त्यावरून घरात शीतयुद्ध सुरू आहे. पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊ ४३ इंची नवा एलईडी घेऊन आलाय. ‘जुनं धूड भंगारात द्या,’ हा त्याचा हट्ट. ‘चालता टीव्ही कुणी फेकतं का?’ हा मामांचा सवाल. मी म्हटलं, दोन्ही शेजारी शेजारी लावा. होऊन जाऊ दे!

काचेमागचा फंडा

आधी थोडं सायन्स, टेन्शन घेऊ नका. प्लाझ्मा १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जन्माला आला. दोन काचांमध्ये लाखो बारीक कप्पे आणि त्यांत निऑन-झेनॉन वायू. वीज सोडली की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला लाल, हिरवा किंवा निळा लेप उजळतो. म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा असतो. काळं दाखवायचं तर तो दिवा जवळजवळ विझवायचा.

एलसीडीचं गणित वेगळं. तिथे मागे दिवा कायम चालू असतो आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे उघडतात, मिटतात. झडप कितीही घट्ट लावा, थोडा उजेड झिरपतोच. आपण ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तो बहुतेक वेळा एलसीडीच असतो. फक्त मागची ट्यूब जाऊन एलईडी आलेत.

दुपार नातवाची, रात्र आजोबांची

भर दुपारी, दार उघडं, अंगणातलं ऊन बैठकीत. प्लाझ्माच्या काचेत अख्खं अंगण दिसत होतं आणि क्रिकेटचं मैदान फिकं पडलं होतं. एलईडी मात्र झगझगीत. मामेभावाची कॉलर टाइट!

रात्री दिवे मालवले आणि पारडं फिरलं. अंधारातल्या सीनमध्ये एलईडीचं काळं राखाडी झालं. प्लाझ्मावर काळं ते काळंच. कबड्डीचा रेडर झेपावला तेव्हा नव्या पडद्यावर त्याचे पाय पुसट झाले, जुन्यावर स्वच्छ दिसले. कारण प्लाझ्मा चित्र लुकलुकत दाखवतो, तर एलसीडी प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो. आपली नजर पुढे सरकलेली असते, म्हणून धूसर वाटतं.

खरी मेख निघाली आजीच्या खाटेवरून. आजीची खाट भिंतीला लागून, टीव्हीच्या एका बाजूला आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती रोज तिथूनच पडल्या पडल्या कीर्तन बघते. तिथून एलईडीवर महाराजांचा फेटा पांढुरका दिसत होता, प्लाझ्मावर समोरून दिसतो तसाच केशरी. ‘त्या नव्यात सगळे आजारी दिसतात गं,’ आजीचा निकाल एका वाक्यात! मामा म्हणाले, ‘आता टीव्हीसाठी मायची खाट हलवायची का?’ मामेभाऊ गप्प.

मग प्लाझ्मा गेला का?

कारण खिसा, वजन आणि वीज. मामांचा सेट भिंतीवर चढवायला तिघं लागले होते. नवा मामेभावाने एकट्याने आणला. विजेचा हिशेब बघा: जुना साधारण २५० वॉट आणि नवा ८० वॉट धरला, तर रोज पाच तासांना महिन्याला २५ युनिटचा फरक पडतो. त्यात मामांच्या पडद्यावर जेमतेम १०२४ बाय ७६८ ठिपके. फोर-के घरगुती प्लाझ्मात कधी रुळलंच नाही. पायोनिअरचा ‘कुरो’ आजही दर्दी लोक आठवतात, पण कंपनीने २००९ मध्ये टीव्ही सोडत असल्याचं जाहीर केलं. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये तेच जाहीर केलं आणि २०१४ मध्ये सॅमसंगनेही प्लाझ्मा थांबवला.

आपल्या मराठवाड्याला हा धडा नवा नाही. पैठण रस्त्यावरच्या चितेगावची व्हिडिओकॉन घराघरांत होती. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला, नेमका जग सपाट पडद्याकडे वळत असताना. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारणं इतरही होती, पण ट्यूबचा तो डाव फसलाच.

थोरला वारसदार

प्लाझ्माचा खरा वारस साधा एलईडी नाही, तो ओएलईडी. त्यातही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी पूर्ण विझतो. बाजूनेही चित्र छान दिसतं. काळा रंग, ठिपक्यांची संख्या, चमक या सगळ्यांत तो आजोबांना मागे टाकतो. मिनी-एलईडीत मागचे दिवे शेकडो गटांत वेगवेगळे मंद होतात, त्यामुळे उजेडातल्या हॉलसाठी तो सही. पण धावत्या चित्राच्या सहजतेत चांगला प्लाझ्मा आजही या दोघांना घाम फोडतो. आणि न्यूज चॅनेलचा लोगो पडद्यावर कायमचा उमटण्याची प्लाझ्माची जुनी खोड ओएलईडीनेही वारशात घेतलीय.

जांबमध्ये तह झाला तो असा: नवा टीव्ही पुण्याला परत, प्लाझ्मा चालेल तोवर चालेल. बिघडला तर पार्ट मिळणं कठीण, हे मामांनाही ठाऊक आहे. तेव्हा येणारा सेट आजीच्या खाटेवरून पारखून घ्यायचा.

तुम्ही खरेदीला निघाला असाल तर शोरूमच्या झगमगाटाला भुलू नका. सेल्समनला अंधारातला सीन लावायला सांगा, मग दोन पावलं बाजूला सरकून बघा. उन्हाच्या हॉलसाठी चमक बघा, रात्रीच्या सिनेमासाठी काळा रंग. साधी केबल किंवा फ्री डिश असेल तर तेच चॅनेल लावून मागा, कारण कमी ठिपक्यांचं चित्र मोठ्या फोर-के पडद्यावर ओढूनताणून दिसतं. आणि घरी जुना प्लाझ्मा असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. पण आधी एकदा दिवे मालवून त्यावर एखादा सिनेमा बघा. मित्र छातीवर हात का ठेवतो, ते कळेल!