विंडोज ११ वर अपग्रेड केलंत? आता डेस्कटॉप परत आपल्या हाताखाली आणा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून मित्रमंडळीत आणि नातेवाइकांत "माझा कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेऊन दे ना" असं म्हणणारे वाढलेत. मशीनमध्ये टीपीएम २.० असेल आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत असेल, तर अपग्रेड फुकट होतं. ते कसं करायचं हे यूट्यूबवर हवं तेवढं सापडेल. मी आज सांगणार आहे ते त्यानंतरचं. अपग्रेड नीट झालं, फायली सगळ्या आहेत, पण कॉम्प्युटर आपला वाटत नाही. हात जातो तिथे बटणच नाही!

माझे काका तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतात. त्यांचा कॉम्प्युटर अपग्रेड झाल्यावर तो पुन्हा त्यांच्या सवयीचा करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. काकांसाठी डेस्कटॉप शोभेचा नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, स्कॅनचं फोल्डर हे सगळं ठरलेल्या जागी असतं, आणि त्यांचा माऊस न बघता तिकडे जातो. दहावीच्या निकालानंतर दुकानासमोर रांग लागली की एक आयकॉन शोधण्यात गेलेला अर्धा मिनिट पण जड जातो. म्हणून खालच्या गोष्टी मी त्यांच्याकडे ज्या क्रमाने केल्या, साधारण त्याच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी अ‍ॅक्टिव्हेशन

सेटिंग्ज → सिस्टिम → अ‍ॅक्टिव्हेशन इथे जाऊन 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलंय का बघा. विंडोज १० अस्सल आणि अ‍ॅक्टिव्ह असेल तर ११ सुद्धा आपोआप अ‍ॅक्टिव्ह होतं, वेगळी की लागत नाही. अ‍ॅक्टिव्ह नसेल तर पर्सनलायझेशनचे पर्याय राखाडी दिसतात आणि कोपऱ्यात ते पाणीदार अक्षर येतं. अशा वेळी "हा छोटा अ‍ॅक्टिव्हेटर टाक, होऊन जाईल" सांगणारे भेटतात. टाकू नका. तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. ज्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं स्कॅन होतात तिथे तर अजिबात नको.

स्टार्ट बटण परत डाव्या कोपऱ्यात

विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण टास्कबारच्या मधोमध असतं. गंमत म्हणजे ते एका जागी राहतही नाही. जितके प्रोग्राम उघडाल तितकं डावीकडे सरकतं, कारण सगळा गठ्ठा मध्यभागी धरलेला असतो. डावा कोपरा मात्र कायम तिथेच असतो, माऊस जोरात ढकलला तरी नेमका पोचतो. काका दोन दिवस कोपऱ्यात क्लिक करत होते आणि हवामान उघडत होतं!

टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करा → टास्कबार सेटिंग्ज → टास्कबार बिहेवियर्स → टास्कबार अलाइनमेंट → लेफ्ट. झालं. तिथेच वर सर्च, टास्क व्ह्यू, विजेट्स यांची बटणं आहेत, नको ती बंद करा. विजेट्स बंद केलं की ते हवामान आणि त्यामागच्या बातम्या दोन्ही जातात.

त्याच पानावर 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' आहे, ते 'नेव्हर' करा. म्हणजे चार पीडीएफ उघड्या असतील तर चारही नावासकट वेगळ्या दिसतील. ही सोय विंडोज ११ आलं तेव्हा, म्हणजे २०२१ मध्ये, काढून टाकली होती. लोकांनी इतकी ओरड केली की २०२३ मध्ये परत द्यावी लागली. त्यामुळे हा पर्याय दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट चालवा.

आणि हो, विंडोज १० मधल्या स्टार्टच्या हलत्या टाइल्स आणि तुम्ही लावलेले त्यांचे गट अपग्रेडमध्ये येत नाहीत. ते शोधत बसू नका. नवीन स्टार्टमध्ये हवे ते अ‍ॅप पुन्हा पिन करा. एक अ‍ॅप दुसऱ्यावर ओढून सोडलं की फोल्डर तयार होतं, अगदी तुमच्या मोबाईलच्या होम स्क्रीनसारखं.

स्टार्टमधलं 'रेकमेंडेड': इथे जरा थांबा

स्टार्ट उघडलं की 'रेकमेंडेड' असा भाग दिसतो. त्यात तुम्ही नुकत्याच उघडलेल्या फायली नावासकट येतात. एकट्याच्या लॅपटॉपवर हे सोयीचं आहे. पण विचार करा, काउंटरवरचा कॉम्प्युटर आहे, स्क्रीन अर्धी गिऱ्हाइकाकडे वळवलेली आहे, आणि स्टार्ट दाबल्यावर आधीच्या माणसाच्या नावाची आधारची फाइल किंवा कुणाचा मेडिकल रिपोर्ट वर दिसतोय. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. नुसत्या फाइलच्या नावावरून सुद्धा चर्चा सुरू होते. घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवर हीच गोष्ट तुमच्या बाबतीत होऊ शकते.

म्हणून काकांच्या मशीनवर मी हे पहिल्याच दिवशी बंद केलं. सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → स्टार्ट इथे रेकमेंडेड फाइल्स दाखवण्याचं बटण आहे ते ऑफ करा. एक लक्षात ठेवा, याच एका बटणाला आणखी दोन गोष्टी बांधलेल्या आहेत: फाइल एक्सप्लोररमधल्या 'रिसेंट' फायली, आणि टास्कबारवरच्या एक्सेलवर राइट क्लिक केल्यावर येणारी अलीकडच्या फायलींची यादी. तिन्ही एकदमच जातात. काका म्हणाले, "अरे, ती यादी मला लागते रे." मी म्हटलं, "काका, रोज लागणारी फाइल डेस्कटॉपवर शॉर्टकट करून ठेवतो, पण ही यादी गिऱ्हाइकासमोर नको." त्यांना पटलं. तुमच्या घरी वेगळा निर्णय असू शकतो.

घरात दोघं-तिघं एकच कॉम्प्युटर वापरत असाल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येकाचं वेगळं युजर अकाउंट. वॉलपेपर, टास्कबार, रंग, डेस्कटॉपवरच्या फायली हे सगळं अकाउंटनुसार वेगळं राहतं. मग धाकट्या भावाने गाडीचा वॉलपेपर लावला म्हणून भांडण पण नाही.

डेस्कटॉपवरच्या फायली खरंच कॉम्प्युटरमध्ये आहेत का?

माझ्या मते अपग्रेडनंतर बघायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, वॉलपेपर नंतर बघू. सेटअपच्या वेळी किंवा नंतर एखाद्या सूचनेत तुम्ही 'बॅकअप'ला हो म्हटलेलं असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत गेलेली असू शकतात. दिसायला काहीच फरक नसतो. ओळखायचं कसं? डेस्कटॉपवरच्या कोणत्याही साध्या फाइलवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज. 'लोकेशन'मध्ये वनड्राइव्ह असा शब्द दिसला तर तुमचा डेस्कटॉप क्लाउडला जोडलेला आहे.

हे वाईटच असतं असं नाही. हार्ड डिस्क गेली तरी कॉलेजचा प्रोजेक्ट वाचतो. पण मोफत जागा फक्त ५ जीबी आहे. फोनमधून टाकलेल्या लग्नाच्या व्हिडिओंनी ती कधी भरते कळतही नाही, आणि भरल्यावर नवीन फायली वर जायच्या थांबतात. दुसरं म्हणजे, आयकॉनवर ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल कॉम्प्युटरमध्ये नाहीच, नेट गेलं की उघडणार नाही. तिसरं, डेस्कटॉपवरून डिलीट केलेली फाइल क्लाउडवरूनही जाते. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस असते, तेवढ्यात परत आणता येते.

काकांच्या दुकानात प्रश्न आणखी वेगळा होता. गिऱ्हाइकाने आधार कार्ड झेरॉक्ससाठी दिलंय, कुणाच्या क्लाउडवर ठेवायला दिलेलं नाही. त्यामुळे तिथे बॅकअप बंदच हवा. टास्कबारच्या उजव्या टोकाला ढगाचा आयकॉन → गिअर → सेटिंग्ज → सिंक अँड बॅकअप → मॅनेज बॅकअप, आणि डेस्कटॉपसमोरचं बटण ऑफ.

आता घाबरू नका: बंद केल्यावर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसू शकतो. फायली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या 'डेस्कटॉप' फोल्डरमध्ये राहिलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररमधून तिथे जा, सगळ्या सिलेक्ट करा, कट करा आणि खऱ्या डेस्कटॉपवर पेस्ट करा. नवीन आवृत्तीत बंद करतानाच फायली कुठे ठेवायच्या ते विचारतात, तेव्हा कॉम्प्युटरचा पर्याय निवडा. हे सगळं करण्याआधी एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

गिऱ्हाइकांच्या स्कॅनसाठी आम्ही डी ड्राइव्हवर एक वेगळं फोल्डर केलं. दुकान बंद करताना ते रिकामं करायचं, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरत नाही.

आता वॉलपेपर

फोनवरचा फोटो कॉम्प्युटरला लावला की तो फाटल्यासारखा का दिसतो? बहुतेक वेळा तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. स्वतःलाच पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फोटो जसाच्या तसा येतो. दुसरं कारण आकाराचं. फोन उभा, मॉनिटर आडवा. साध्या फुल एचडी मॉनिटरला १९२० × १०८० पिक्सेल लागतात, म्हणजे १६:९. फोटोज अ‍ॅपमध्ये आधी त्या मापात क्रॉप करा, मग पर्सनलायझेशन → बॅकग्राउंडमध्ये 'फिल' निवडा. 'स्ट्रेच' निवडलंत तर आजोबा रुंद दिसतील!

आयकॉन डावीकडे असतात, म्हणून डावी बाजू शांत असलेला फोटो घ्या. विंडोज एक्सपीचा तो हिरवा डोंगर आठवतोय? तो खरा फोटो आहे. चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला. आकाश आणि गवत, बाकी काही नाही, म्हणून त्यावर आयकॉन कुठेही ठेवा, नाव वाचता येतं. काकांनी तुळजाभवानीचा फोटो सांगितला होता. मी मूर्ती उजवीकडे येईल असा क्रॉप केला, म्हणजे देवीच्या चेहऱ्यावर रिसायकल बिन नको!

स्क्रीनवर रोज आपोआप नवीन फोटो येत असेल आणि 'लर्न अबाउट धिस पिक्चर' असा आयकॉन चिकटला असेल, तर ते स्पॉटलाइट आहे. बॅकग्राउंडमध्ये 'पिक्चर' निवडलं की आयकॉन पण जातो.

डार्क मोड, राइट क्लिक, मराठी

डार्क मोड पर्सनलायझेशन → कलर्समध्ये आहे. पण फोनसारखी बॅटरी वाचेल म्हणून लावू नका. तुमच्या फोनच्या अमोलेड स्क्रीनमध्ये काळा पिक्सेल बंदच असतो. साध्या एलसीडी लॅपटॉपमध्ये मागचा दिवा चालूच राहतो, त्यामुळे बचत जवळपास नाही. डोळ्यांना बरं वाटत असेल तर जरूर लावा. जुनं मशीन जड चालत असेल तर तिथेच 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करा, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी → व्हिज्युअल इफेक्ट्समधून अ‍ॅनिमेशनही.

राइट क्लिकचा जुना मेन्यू हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, थेट येतो. रजिस्ट्रीत हात घालायची गरज नाही.

मराठी टायपिंगसाठी सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठी जोडा आणि कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' घ्या. इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप केलं की देवनागरी येतं. विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदलते. मेन्यू पण मराठीत करता येतात, पण मी इंग्रजीच ठेवतो, कारण अडचण आली की बहुतेक व्हिडिओत इंग्रजी नावंच सांगतात.

आणि तरीही नकोच वाटलं तर

टास्कबार पूर्ण जुन्यासारखा करून देणारी बाहेरची टूल्स आहेत, उदाहरणार्थ एक्सप्लोररपॅचर. घरच्या लॅपटॉपवर हौसेने वापरा. पण ती विंडोजच्या आतल्या भागाला हात लावतात, त्यामुळे मोठ्या अपडेटनंतर टास्कबारच न दिसण्याची शक्यता असते. रोजी-रोटीच्या मशीनवर मी ती टाकली नाहीत.

अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्ज → सिस्टिम → रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' असतं, त्यातून विंडोज १० वर परत जाता येतं. त्यासाठी सी ड्राइव्हवरचं 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर लागतं, म्हणून जागा मोकळी करायच्या नादात ते आधी उडवू नका. काकांचे १० दिवस संपायच्या आदल्या संध्याकाळी मी फोन करून विचारलं, "काका, परत जायचंय का?" तिकडून उत्तर आलं, "ते राहू दे, प्रिंटरचा आयकॉन तेवढा मोठा करता येतो का सांग." येतो. डेस्कटॉपवर कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवा.