एक अभियंता, तीन प्रकल्प : कार्यभाराच्या समतोलाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन येथे आरसीसीपीएल या कंपनीचा वार्षिक ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. असा कारखाना उभारणे म्हणजे एकच प्रकल्प तडीस नेणे नव्हे. चुनखडी फोडण्याचे यंत्र, भट्टी, सिमेंटची गिरणी, वीजगृह या प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे असते. मात्र त्यांवर काम करणारी तज्ज्ञ माणसे पुष्कळदा तीच असतात. या माणसांचा कार्यभार कसा वाटावा, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

वेळापत्रकाच्या शास्त्राचा पाया १९५७-५८ च्या सुमारास घातला गेला. ड्यूपाँ कंपनीसाठी केली व वॉकर यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धती सिद्ध केली, तर पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामी अमेरिकी नौदलाने ‘पर्ट’ पद्धती वापरली. या पद्धतींनी कामांचा क्रम व प्रत्येक कामास मिळणारी सवड सांगितली. सवड म्हणजे प्रकल्पाची अखेरची तारीख न ढळता एखादे काम जितके पुढे ढकलता येते तितके दिवस. परंतु दोन कामांसाठी एकच माणूस लागतो, ही अडचण मूळ गणितात धरलेली नव्हती. ती धरताच प्रश्न इतका बिकट होतो की, मोठ्या वेळापत्रकांसाठी सर्वोत्तम उत्तर झटपट देणारी रीत ज्ञात नाही. म्हणून आजच्या प्रणाली ठरावीक नियमांनी केवळ चालण्याजोगे उत्तर शोधतात.

उदाहरणादाखल, समजा, मुकुटबनसारख्या ठिकाणी एका उपकरण-अभियंत्याकडे भट्टी, गिरणी व वीजगृह या तिन्हींची प्रत्येकी १० दिवसांची कामे आहेत. एकामागून एक केल्यास ती १०, २० व ३० व्या दिवशी संपतील. तिघा प्रकल्पप्रमुखांचे मन राखण्यासाठी त्याने रोज एकेक काम पाळीपाळीने हाती घेतले, तर ती २८, २९ व ३० व्या दिवशी संपतील. समाप्तीचा सरासरी दिवस २० वरून २९ वर जातो. आणि काम बदलताना मोडणारा वेळ यात धरलेलाच नाही. लक्षणीय गोष्ट ही की, पडद्यावरील कार्यभाराचा आलेख दोन्ही वेळी सारखाच दिसतो : ३० दिवस, रोज पूर्ण भार, कोठेही अतिभार नाही.

तेव्हा आधी कोणते काम, हे कोणीतरी ठरविलेच पाहिजे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रत्येक कामास ० ते १००० यांमधील अग्रक्रम देता येतो. न दिल्यास तो ५०० धरला जातो. सर्वांचाच अग्रक्रम ५०० राहिला, तर भट्टी आधी की गिरणी, हा व्यवस्थापनाचा निर्णय यंत्राच्या अन्य निकषांवर सोपविला जातो. उलट प्रत्येक प्रमुखाने आपले काम १००० वर नेले, तर प्रणाली त्यांपैकी एकही पुढे ढकलीत नाही व अतिभार तसाच राहतो. हा दुसरा प्रकार तांत्रिक दिसला, तरी वस्तुतः तो भिडेचा परिणाम आहे.

अतिभार दिवसागणिक मोजावा की आठवड्यागणिक, हीही निवड बारकाईने करावी लागते. सोमवारी १६ तास व बुधवारी शून्य, असा आठवडा साप्ताहिक हिशेबात निर्दोष ठरतो. विजेच्या फलकापाशी सोळावा तास काढणाऱ्या माणसाला तो तसा वाटणार नाही. शिवाय तिन्ही वेळापत्रके एकाच सामाईक मनुष्यबळ-सूचीला जोडलेली नसली, तर प्रत्येक वेळापत्रक स्वतंत्रपणे बिनचूक दिसते व टक्कर प्रत्यक्ष कामाच्या जागीच उघड होते.

राहता राहिला पूर्ण भाराचा मोह. कारखाना प्रथम सुरू होताना बिघाडांची बोलावणी सांगून येत नाहीत. रांगशास्त्राच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार माणूस ८० टक्के गुंतलेला असेल, तर नव्या कामाला एका कामास लागणाऱ्या सरासरी वेळेच्या ४ पट थांबावे लागते. ९० टक्क्यांना ९ पट. १०० टक्के भरलेल्या त्या अभियंत्याच्या वेळापत्रकात अशा एकाही बोलावण्यास जागा नाही.