लहान मुलांसह लंडनदर्शन

१८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या, तेव्हां त्यांची कन्या मनोरमा हिचें वय अवघें दोन वर्षांचें होतें. त्या काळीं आगबोटीनें विलायत गांठावयास कित्येक आठवडे लागत. आज मुंबईहून सुटलेलें विमान नऊ-दहा तासांत लंडनास उतरतें. नांदेड व लातूर या आपल्या जिल्ह्यांतीलहि अनेक तरुण शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परदेशीं राहिले आहेत, आणि "या सुटींत मुलांना घेऊन या" असें त्यांचें बोलावणें घरोघर येऊं लागलें आहे. वाट जवळची झाली ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु वाट जवळ आली म्हणून मुलाचें पाऊल मोठें झालें, असें मात्र नाहीं. लहान मुलांसह मोठें शहर कसें पाहावें, याचा विचार या लेखांत लंडनचें उदाहरण घेऊन करावयाचा आहे.

अशा प्रवासास आईबापांची कित्येक वर्षांची शिल्लक खर्ची पडते. त्यामुळें "एवढा खर्च करून आलों आहों, तर सारें पाहून घेऊं" असें मोठ्यांस वाटणें साहजिक आहे. मग एका दिवसांत पांच-सहा स्थळें उरकण्याची घाई सुरू होते. दुपारपर्यंत मूल थकतें, रडूं लागतें. बाप रागावतो, आई मुलास कडेवर घेऊन चालते, आणि संध्याकाळीं कांहीं पाहिल्याचें समाधान कोणासच राहत नाहीं. यांत दोष मुलाचा नसतो, योजनेचा असतो. जत्रेस निघालेल्या बैलगाड्यांची रांग जशी सर्वांत हळू चालणाऱ्या बैलजोडीच्या चालीनें जाते, तसा कुटुंबाचा प्रवास सर्वांत लहान मुलाच्या चालीनें ठरवावा, हाच या विषयांतील मुख्य नियम होय. बाकीचे नियम त्यांतूनच निघतात.

पहिला नियम असा कीं, परदेशच्या प्रवासाचा सराव घरीं करावा. निघण्यापूर्वीं दोन महिने लातूरच्या मुलांनीं आईबापांसह गंजगोलाईंत पायीं हिंडावें. नांदेडच्या मुलांनीं सचखंड गुरुद्वारा आणि गोदावरीचा घाट चालत पाहावा. एखाद्या रविवारीं कंधारच्या वा औशाच्या किल्ल्यास जावें. मूल किती वेळ कुरकुर न करितां चालतें, त्यास भूक केव्हां लागते, कशापुढें तें रमतें आणि कशाकडे पाठ फिरवितें, हें सर्व वडील मंडळींनीं वहींत टिपून ठेवावें. जें मूल कंधारच्या किल्ल्यांत दोन तासांनीं थकलें, तें लंडनांत चार तास चालेल अशी आशा करणें व्यर्थ आहे. ती वही म्हणजेच तुमच्या प्रवासाचें खरें मार्गदर्शक पुस्तक.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. तान्ह्या मुलासहि स्वतंत्र पासपोर्ट लागतो. त्यासाठीं नांदेड व लातूर या दोन्ही शहरीं टपालकचेरींत पासपोर्ट सेवा केंद्र आहे. लहान मुलाचा पासपोर्ट पांच वर्षांपुरताच असतो. तेव्हां पूर्वीं काढलेला असल्यास त्यावरील तारीख आधीं पाहावी. जन्मदाखल्यांत मुलाचें नांव घालावयाचें पुष्कळदां राहून गेलेलें असतें; ती दुरुस्ती सर्वांआधीं करून घ्यावी. ब्रिटनचा व्हिसाहि प्रत्येक मुलाचा निराळा काढावा लागतो. पांच वर्षांखालील मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहींत, परंतु त्याचा फोटो मात्र घेतात. यास्तव मुंबई-पुण्यासारख्या शहरीं मुलासह एक खेप करावी लागते. आई किंवा वडील यांपैकीं एकच जण मुलास नेणार असेल, तर दुसऱ्याचें संमतिपत्र जवळ ठेवावें. व्हिसा हातीं पडण्यापूर्वीं, ज्याचे पैसे परत मिळत नाहींत असें तिकीट काढूं नये. नांदेड-लातुराहून रात्रभर आगगाडीनें मुंबईस पोंचून त्याच दिवशीं विमानांत बसूं नये. मध्यें एक दिवस विसाव्याचा असावा.

आतां वेळेचा विचार. मे-जूनच्या सुटींत लंडनचें घड्याळ आपल्या मागें साडेचार तास असतें. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तेथील घड्याळें एक तास मागें घेतात, तेव्हांपासून हें अंतर साडेपांच तासांचें होतें. यामुळें पहिले कांहीं दिवस मूल पहाटे तीन-चारला जागें होतें आणि तिसऱ्या प्रहरीं पेंगूं लागतें. त्यांतून जून महिन्यांत तेथें सूर्य रात्रीं नवानंतर मावळतो व पहाटे पांचाच्या आधीं उगवतो. "अजून ऊन आहे, मग निजावयाचें कशाला?" असें मूल विचारील, आणि त्याचा प्रश्न अगदीं वाजवी आहे. पृथ्वीचा आंस कललेला आहे. नांदेड सुमारें १९ उत्तर अक्षांशावर, तर लंडन ५१ अंशांच्याहि पलीकडे. म्हणून तेथील उन्हाळ्याचा दिवस आपल्यापेक्षां पुष्कळ मोठा असतो. हें मोठ्या भावंडांनीं घरींच एक संत्रें व मेणबत्ती घेऊन धाकट्यांस दाखवावें. तेथें गेल्यावर निजण्याच्या खोलीच्या खिडकीस जाड पडदा आहे ना, हें पाहावें. पहिल्या दोन दिवसांत तिकीट काढून पाहण्याचा कोणताहि कार्यक्रम ठेवूं नये. जवळच्या बागेंत खेळणें एवढाच त्या दिवसांचा उद्योग असावा.

उतरण्याची जागा शहराच्या मध्यभागीं असण्यापेक्षां, बस व भुयारी आगगाडी यांच्या थांब्याजवळ असणें आणि तेथें स्वयंपाकाची सोय असणें अधिक महत्त्वाचें. मूल नव्या देशांत सर्व नवें सहन करील, पण संध्याकाळीं त्यास ओळखीचा वरणभात हवा असतो. घरून मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्यावी. मात्र दुधाचे पदार्थ व मांस भारतांतून तेथें नेण्यास मनाई असल्यामुळें पेढे, बर्फी व तूप घरींच ठेवावें. आजीनें मोठ्या मायेनें दिलेला डबा विमानतळावर टाकावा लागला, तर मुलास फार वाईट वाटतें.

पाहावयाचीं स्थळें निवडतांना "एका दिवशीं शहराचा एकच भाग" हा दंडक पाळावा. साउथ केन्सिंग्टन या भागांत तीन मोठीं पदार्थसंग्रहालयें एकमेकांस लागून आहेत, आणि २००१ सालापासून तिन्हींत नेहमींच्या दालनांस प्रवेशमूल्य नाहीं. जेथें तिकीट नाहीं, तेथून मूल कंटाळतांच बाहेर पडतां येतें. म्हणून मुलांसह हिंडणाऱ्यांस अशीं स्थळें फार सोयीचीं. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनांत २०१७ सालापासून नीलदेवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. त्याची लांबी सुमारें २५ मीटर. निघण्यापूर्वीं हें अंतर शाळेच्या पटांगणावर पावलांनीं मोजून ठेवावें, म्हणजे तो सांगाडा पाहतांना मुलाच्या मनांत आपलें पटांगण उभें राहील. तेथेंच ज्वालामुखी व भूकंप यांचें दालन आहे. १९९५ सालच्या जपानांतील कोबे येथील भूकंपांत एक दुकान कसें हादरलें, हें हलत्या जमिनीवर उभें राहून तेथें अनुभवतां येतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासचीं गांवें कशीं कोसळलीं, हें लातूरकडील मुलांनीं आजीआजोबांच्या तोंडून ऐकलेलें असतें. ज्या संकटांत आपल्या भागांतील हजारों माणसें गेलीं, त्याचें कारण जमिनीखालीं कोठें असतें व घर कसें बांधावें म्हणजे तें तग धरतें, हा प्रश्न येथें मुलाच्या मनांत उठला, तर त्या दिवशीं आणखी कांहीं पाहण्याची गरज नाहीं. भित्र्या मुलास मात्र हलत्या जमिनीवर बळें उभें करूं नये.

रस्ता ओलांडला कीं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लागतें. महाराजा रणजितसिंग यांचें सोन्याच्या पत्र्यानें मढविलेलें सिंहासन या संग्रहालयाच्या ताब्यांत आहे. १८४९ सालीं इंग्रजांनीं पंजाब खालसा केला, तेव्हां तें त्यांच्या हातीं गेलें. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा १८३२ ते १८३७ या काळांत याच महाराजांनीं बांधविला. ज्या मुलानें त्या गुरुद्वाऱ्यांत मस्तक टेकविलें आहे, त्यास हें सिंहासन परकें कसें वाटेल? तें येथें कसें आलें, हें त्यास खरें खरें सांगावें. मात्र संग्रहालयांतील दालनें दुरुस्तीसाठीं वेळोवेळीं बंद असतात व वस्तु हलविल्या जातात. म्हणून एखादी वस्तु दाखविण्याचें वचन मुलास देण्यापूर्वीं ती त्या दिवसांत मांडलेली आहे कीं नाहीं, याची चौकशी अवश्य करावी. मोठ्यांचा विसरलेला शब्द मुलें फार दिवस लक्षांत ठेवितात.

दुसरा दिवस सेव्हन डायल्स या चौकाचा. येथें सात रस्ते एकत्र मिळतात आणि मध्यें एक स्तंभ आहे. मूळ स्तंभ १७७३ सालीं काढून टाकला. हल्लींचा १९८९ सालचा आहे. चौकाच्या नांवांत सात तबकड्या आहेत, परंतु स्तंभावर सूर्यघड्याळें मात्र सहाच आहेत! सातवें घड्याळ म्हणजे खुद्द स्तंभच, असें सांगतात. मुलांस आधीं कांहीं न सांगतां मोजूं द्यावें. आपल्या गोलाईस सोळा रस्ते मिळतात, हें ठाऊक असलेलें लातूरचें मूल लंडनच्या चौकास सातच रस्ते पाहून हंसेल; त्यास हंसूं द्यावें. तेथून चालत गेलें कीं कॉव्हेन्ट गार्डनमधील वाहतूक-संग्रहालय लागतें. त्यांत मुलांस तिकीट पडत नाहीं. लंडनची भुयारी आगगाडी १८६३ सालीं, वाफेच्या एंजिनावर सुरू झाली, ही गोष्ट तेथें समजते.

तिसरा दिवस रीजंट्स पार्ककडे घालवावा. सकाळीं १८२८ सालीं स्थापन झालेलें प्राणिसंग्रहालय; दुपारीं शेजारच्या प्रिमरोझ हिल या टेकडीवर भाकरी-चटणी सोडून बसावें; आणि मुलांच्या अंगीं उत्साह उरला असेल तर जवळच किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचें घर पाहावें. १९२१-२२ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून येथें राहत होते. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं तें विकत घेतलें, व आतां तें त्यांचें स्मारक आहे. येथें येण्यापूर्वीं तें केव्हां उघडें असतें तें विचारून घ्यावें. लहान मुलास तेथें व्याख्यान देऊं नये. "येथें एक मराठी विद्यार्थी राहून फार अभ्यास करीत असे" एवढें एक वाक्य पुरे.

चौथा दिवस थेम्स नदीचा. गोदावरीकांठच्या मुलास या नदीचें मोठें नवल वाटेल. कारण समुद्राच्या भरतीबरोबर दिवसांतून दोनदां तिचें पाणी उलट चढतें, आणि लंडन ब्रिजजवळ भरती-ओहोटींतील फरक सात मीटरपर्यंत जातो. सकाळीं एका पायरीवर खूण धरून संध्याकाळीं पुन्हां तीच पायरी पाहावी. १८९४ सालीं बांधलेला टॉवर ब्रिज मोठ्या जहाजासाठीं मधोमध उघडतो; त्याच्या वेळा आधीं जाहीर होतात, त्या पाहून जावें. असे चार दिवस पुरे. उरलेले दिवस मोकळे ठेवावे. पाऊस, सर्दी आणि मुलाची लहर हीं त्यांत आपापला वांटा घेतीलच.

शहरांत हिंडण्यासाठीं बस उत्तम. अकरा वर्षांखालील मुलांस बसमध्यें व मोठ्यांसमवेत भुयारी गाडींत भाडें पडत नाहीं. पुष्कळ भुयारी स्टेशनांवर पाळणा नाहीं, जिनेच चढावे लागतात. उलट दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदीं पुढें बसणें, हीच मुलांस मोठी मौज. चुकामूक होण्याचें भय मात्र मनांत धरून प्रत्येक मुलाच्या खिशांत इंग्रजींत नांव, पालकांचा मोबाईल क्रमांक व राहण्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. दोन गोष्टी घरींच पाठ करवाव्या: हरवलों तर जेथें आहों तेथेंच उभें राहावयाचें, आणि गाडींत एकटेच राहिलों, तर पुढच्या स्टेशनावर उतरून तेथेंच थांबावयाचें. मोठ्या मुलांनीं संकटसमयींचा ९९९ हा क्रमांक ध्यानांत ठेवावा.

विद्यार्थिमित्रांनो, आतां दोन शब्द तुम्हांस. तुम्ही आईबापांबरोबर जाल, तेव्हां तुमच्याहि वांट्यास काम असूं द्या. एकानें नकाशा धरावा, एकानें स्टेशनें मोजावीं, एकानें धाकट्या भावंडाच्या पाण्याची बाटली सांभाळावी. रोज रात्रीं दिवसभरांतील एकच गोष्ट वहींत लिहावी किंवा तिचें चित्र काढावें. पुष्कळ स्थळांचीं नांवें सांगणारा प्रवासी लवकर विसरला जातो; एक गोष्ट नीट पाहून आलेला सोबती वर्गांत सर्वांस हवासा वाटतो. आणि पालकांस विनंती इतकीच कीं, परत आल्यावर "काय काय पाहिलें?" असें मुलास विचारण्याऐवजीं "तुला काय आवडलें?" असें विचारावें. तें कदाचित् सिंहासनाचें नांव घेणार नाहीं, बसच्या वरच्या मजल्याचें घेईल. तरीहि त्या बसमध्यें आई त्याच्या शेजारीं निवांत बसली होती, हें तें विसरणार नाहीं. आणि घरची शिल्लक मोडून केलेल्या प्रवासाचें तेवढें फळ कांहीं थोडें नव्हे.