ॲप डिलीट केलं तरी पैसे का कापले जातात?

पूर्वी दुकानदार बिलाचं सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचे. आता बरीच सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालतात आणि महिन्याला किंवा वर्षाला भाडं लागतं. मोबाईलमधली अनेक ॲपही अशीच. ‘सात दिवस फुकट’ म्हणत ती सुरुवातीलाच ऑटोपेची परवानगी घेतात. मुदत संपली की भाडं सुरू. ॲप डिलीट केलं, तरी ही परवानगी चालूच राहते.

म्हणून आधी सबस्क्रिप्शन रद्द करा. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा. यूपीआयवरून परवानगी दिली असेल, तर यूपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन बंद करा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज न वाचता पुसू नका.